दादाची जागा

रेकॉर्डच्या कव्हरवर, मागच्या बाजूला, अगदी खाली बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत. पहिली: 'ड्रम – दादा'. दुसरी: 'गाणी, आवाज, गिटार, बास, पियानो, अकॉर्डियन, ट्रम्पेट वगैरे – मी'. या दुसऱ्या ओळीमुळे माझ्या धाकट्या भावाला लोक 'वगैरे' म्हणू लागले आणि आता पोस्टरवरही तेच छापतात. पहिली ओळ खोटी आहे. दादा म्हणजे मी, आणि त्या रेकॉर्डवर मी वाजवलेला एकही ठोका नाही. ही गोष्ट त्याला माहीत आहे, मला माहीत आहे आणि माझ्या बायकोला माहीत आहे. वीस वर्षांत आम्हा भावांमध्ये त्याबद्दल एक अक्षर निघालं नाही.

मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. 'दादा, तुझं वाजवणं मी पुसून टाकलं.' माफी नको, रडारड नको. एवढं त्याच्या तोंडून ऐकलं असतं तर मी 'बरं' म्हणून विषय संपवला असता. निदान मला तसं वाटत होतं.

आमचे बाबा वाद्यं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही चौघं. दुकानात मावायची नाहीत ती वाद्यं घरात यायची. पलंगाखाली गिटारी, कपाटावर अकॉर्डियन, आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात कोणाचा ना कोणाचा पियानो, त्यामुळे दुकानात जायचं तर पोट आत ओढून जायचं. बाबांना सगळं दुरुस्त करता यायचं आणि वाजवता काहीच यायचं नाही. म्हणून वाद्य तयार झालं की ते धाकट्याला हाक मारायचे. गिऱ्हाइकासमोर तो दोन मिनिटं असं काही वाजवायचा की गिऱ्हाइकाला आपलंच वाद्य ओळखू यायचं नाही. प्रत्येक वाद्य शिकायला त्याला आठ-पंधरा दिवस मिळायचे, गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेपर्यंत. तारीख आली की वाद्य गेलं, मग पुढचं. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं बाबा म्हणायचे, आणि पुढच्या दुरुस्तीला पुन्हा त्यालाच हाक मारायचे.

एक ट्रम्पेट मात्र न्यायला कोणी आलंच नाही. मालक मेला की घर बदलून गेला, कधी कळलं नाही. तो ट्रम्पेट नवव्या वर्षापासून धाकट्याकडे राहिला आणि त्याला एक सवय लागली. कुठलंही वाद्य हातात घेतलं तरी तो मनातून ट्रम्पेटच वाजवायचा. फुंकणाऱ्याला जिथे श्वास घ्यावा लागेल, तिथे त्याची गिटारही क्षणभर थांबायची, पियानोही थांबायचा. त्याला स्वतःला हे कळत नसे. मला कळायचं, कारण अभ्यासाच्या नावाखाली मी तासन्‌तास त्याच खोलीत बसलेला असायचो आणि माझे कान पहिल्यापासून तिखट आहेत.

ड्रम दुरुस्तीला कोणी आणत नाही, कातडं फाटलं की घरीच बदलतात. म्हणून ड्रम माझे. लिफ्टच्या कंपनीत उमेदवार म्हणून लागल्यावर मी जुने ड्रम घेतले आणि स्वतःचा स्वतः शिकलो. मी फार काही मोठा वाजवणारा नव्हतो. सरळ वाजवायचो. एकदा ताल धरला की गाणं संपेपर्यंत तोच, ना पुढे ना मागे. लिफ्टच्या कामालाही तोच स्वभाव लागतो. मशीनरूममध्ये उभं राहून दोर पुलीवरून जाताना ऐकायचा, आणि त्यात कुठे अडखळ आली तर तिचं कारण शोधून ती काढून टाकायची. थांबू नये तिथे काही थांबलं, तर माझ्या धंद्यात त्याला बिघाड म्हणतात.

आमचा बँड सुरुवातीला पाच जणांचा होता. तळघरांतले क्लब, कॉलेजांची जेवणघरं, एकदा तर एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनात सोफ्यांच्या मध्ये उभं राहून आम्ही वाजवलं. गाणी सगळी धाकट्याची. सरावात कोणाचं काही त्याला खटकलं की तो त्याच्या गळ्यातून वाद्य काढून घ्यायचा. "हे असं," म्हणायचा, वाजवून दाखवायचा आणि परत गळ्यात अडकवायचा. एकदा केलं तर ते शिकवणं, दहादा केलं तर अपमान. बासवाला गेला, तर धाकटा बास वाजवायला लागला. गिटारवाला गेला, तर गिटार त्याचीच. पियानोवाली जाताना म्हणाली, "तुला माणसं नकोयत रे, तुला नुसते हात हवेत." त्यावर तो हसला आणि पियानोवर जाऊन बसला.

शेवटी आम्ही दोघं उरलो. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या हातातून त्याने कधी स्टिक काढून घेतल्या नव्हत्या. मी समजत होतो, माझं वाजवणं त्याला पसंत आहे. थोरल्याच्या हातातली वस्तू हिसकावून घ्यायची नाही, एवढंच आईने त्याला शिकवलेलं होतं.

रेकॉर्डसाठी आम्ही गाड्यांच्या एका गॅरेजच्या वरची खोली भाड्याने घेतली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकले, खिडकीला गादी लावली. मी दोन दिवसांची बिनपगारी रजा टाकली आणि आठही गाण्यांचे ड्रम वाजवून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला त्याने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "झकास, दादा. झालं." मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी बायकोसाठी फुलं घेतली, आणि मी फुलं घेणाऱ्यांतला नाही.

बाकीची वाद्यं तो एकटाच वाजवणार होता. त्याला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस माझे ड्रम तिथेच राहिले, कारण त्या अरुंद जिन्यावरून ते उतरवायला दोन माणसं लागायची. न्यायला गेलो तेव्हा माझं स्टूल खाली सरकवलेलं दिसलं. धाकटा माझ्याहून चार बोटं बुटका आहे. बसला असेल गंमत म्हणून, असं म्हणून मी स्क्रू फिरवून ते वर घेतलं आणि विसरून गेलो.

रेकॉर्ड आली त्या रविवारी सकाळी आम्ही नवराबायकोने ती स्वयंपाकघरात बसून ऐकली. तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी, ड्रम एकटेच धावत येतात. सोळा ठोके, एकापाठोपाठ एक, चढत. मी ते सोळाच्या सोळा वाजवले होते. रेकॉर्डवर अकरा ठोके आले आणि बाराव्याच्या जागी काहीच आलं नाही. मग उरलेले चार कोसळले आणि गाणं पुढे गेलं. मी सुई मागे घेतली, पुन्हा ऐकलं. ड्रमने श्वास घेतला होता. ड्रमवाल्याला वाजवताना तोंडाची गरज नसते, त्याला श्वासासाठी थांबावं लागत नाही. जगात एकच माणूस असा होता जो ड्रम वाजवतानाही ट्रम्पेटचा श्वास घेईल. मग मी बाकीची सातही गाणी नीट ऐकली, आणि मला माझा हात कुठेच सापडला नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं. मी तिला सांगितलं. ती कव्हर हातात घेऊन ती बारीक ओळ वाचत राहिली. "मग हे कशाला लिहिलं?" ती म्हणाली. त्याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. आईसाठी लिहिलं, घरात वाद नको म्हणून लिहिलं, आणि मला गप्प बसवायला लिहिलं. आई ते कव्हर पिशवीत घालून फिरायची. दवाखान्यात रांगेत बसली तरी शेजारणीला दाखवायची: हे बघा, दोघंही माझेच. तिच्या देखत मी काय बोलणार होतो? मूग गिळून बसलो. पाठदुखीचं निमित्त सांगून ड्रम विकले. धाकट्याने पाठीची चौकशी केली नाही. 'का रे सोडलंस?' असंही कधी विचारलं नाही, तेव्हाच मला कळलं की त्याला कळलंय.

सगळ्यात कडू गोष्ट पण सांगून टाकतो. त्याचं वाजवणं माझ्यापेक्षा चांगलं होतं. बाराव्या ठोक्याची ती रिकामी जागा ऐकताना काळीज एक क्षण लोंबकळतं. मी ती जन्मात घेतली नसती.

रेकॉर्ड काही खपली नाही. धाकट्याने त्यानंतर आणखी चार काढल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा कमी खपली आणि प्रत्येकावर सगळी वाद्यं तोच. पोटासाठी दुसऱ्यांच्या बँडमध्ये बदली म्हणून वाजवलं, हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवला, फरशी पुसायच्या साबणाच्या जाहिरातीत ट्रम्पेट फुंकला, लहान मुलांच्या शिकवण्या केल्या. पुढे तो एकटाच स्टेजवर जायला लागला. पायाखाली एक यंत्र, त्यात बास वाजवून ठेवायचा, यंत्र तो फिरवत राहायचं, मग त्यावर गिटार, मग अकॉर्डियन. एका कार्यक्रमाला मी गेलो होतो. स्टेजवर एकटा माणूस पाच जणांचं काम करत होता आणि समोर ऐकायला अकरा जण होते, त्यातले दोघं दारावरचे. बाबांची चिंध्यांची म्हण मला आठवली, आणि आठवली याची लाजही वाटली.

मग गेल्या वर्षी कोणीतरी ते तिसरं गाणं एका मालिकेच्या शेवटच्या भागात टाकलं, आणि वीस वर्षं झोपलेलं गाणं उठून बसलं. जगभरातली पोरंपोरी फोनसमोर ते सोळा ठोके वाजवून दाखवायला लागली. बाराव्याला थांबायचं, स्टिक हवेत धरायच्या, डोळे मिटायचे, मग कोसळायचं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या भाषेत गाण्यातल्या अशा खास करामतीला जागा म्हणतात. त्या थांबण्याला नाव पडलं 'दादाची जागा'. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा मला फोन करून म्हणाला, "मामा, सगळे तुमची जागा घ्यायला बघतायत." मी म्हटलं, "एकाने आधीच घेतलीय, बाबा." त्याला विनोद कळला नाही.

मग एक दिवस, सहा वर्षांत पहिल्यांदाच, धाकटा माझ्या घरी आला. दुपारची वेळ, मी नुकताच कामावरून येऊन हात धूत होतो. वहिनीची तब्येत विचारली, खिडकीतल्या कुंड्यांचं कौतुक केलं, लिफ्टमध्ये आता नवीन काय निघालंय ते विचारलं. त्याला लिफ्टमध्ये आयुष्यात कधी रस नव्हता.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय, भाऊजी?" बायको म्हणाली. "बोला की."

"रेकॉर्ड कंपनी आपली ती पहिली रेकॉर्ड पुन्हा काढतेय," तो म्हणाला. "आणि एक मोठा कार्यक्रम. दोन हजारांचं सभागृह आहे. पण कंपनीच्या बाई म्हणतात, ड्रमवर दादाच पाहिजे. दादाशिवाय कार्यक्रम नाही."

मी टॉवेलने एकेक बोट पुसत होतो. "मी वीस वर्षांत स्टिकला हात लावला नाही."

"सराव करू. दोन महिने आहेत." त्याचा आवाज एकदम खाली आला. "दादा, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. परत कोणी विचारणार नाही मला."

ते मात्र त्याने सरळ सांगितलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं. केस विरळ झाले होते, ट्रम्पेटमुळे वरच्या ओठावर कायमचा वळ पडला होता. मी म्हणालो, "येतो. पण ती जागा मला शिकव."

तो कुंड्यांकडे बघू लागला. "तूच तर वाजवलीयस, दादा. मी काय शिकवणार?"

तो गेल्यावर बायको म्हणाली, "खाई त्याला खवखवे म्हणतात. याला खवखवतही नाही." मी म्हटलं, दोन महिने रोज समोरासमोर बसायचंय, कधीतरी बोलेल.

सराव कंपनीच्या तळघरात व्हायचा. तिथे खरे ड्रम होते. हात माझे ताठ झालेले, पण ताल शाबूत होता. फक्त ती जागा काही येईना. बाराव्याला हात थांबायचे नाहीत, आणि थांबवले तर घसरून पडल्यासारखं वाटायचं. मग मी जेवणाच्या सुट्टीत मशीनरूममध्ये रबराच्या चटईवर सराव करायला लागलो. खाली लिफ्टमधून माणसं वर-खाली जातायत आणि वर पन्नाशीचा मेकॅनिक चटई बडवतोय. तीन आठवडे काही जमलं नाही. एक दिवस सरावात धाकटा वैतागला.

"अरे, मोजू नकोस. तिथे श्वास घे."

"ड्रमवाल्याला कशाला लागतो श्वास?" मी विचारलं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मला वाटलं, आता येतंय वाक्य. मग त्याने मान खाली घातली आणि गिटारच्या खुंट्या पिळायला घेतल्या. गिटार अगदी सुरात होती. ती त्याने बेसूर करून पुन्हा सुरात लावली, पाच मिनिटं, आणि मग म्हणाला, "चल, पहिल्यापासून."

मी तोंड मिटून नाकाने श्वास घेऊन बघितला. जागा आली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती दर वेळी यायला लागली, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला मजा यायला लागली. वाटलं, मरू दे ते वाक्य. त्याने मला ड्रममधून काढलं तेव्हा मी तेवढा चांगला नव्हतो, आता झालोय, आणि आम्ही पुन्हा एकत्र वाजवतोय. ते सगळं आता गेलं, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी एका मासिकाची लेखिका आमची मुलाखत घ्यायला आली. तरुण, हुशार, सगळं ऐकून आलेली. तिने मला विचारलं, "ती जागा सुचली कशी?"

धाकटा माझ्या शेजारीच बसला होता. त्याचा गुडघा हलायचा थांबला. खरं बोलायची ही वेळ होती, हे मला कळत होतं. पण परक्या माणसासमोर घरच्या माणसाला उघडं पाडायचं नाही, हे आमच्या अंगात आहे. मी म्हणालो, "सुचली कसली. हाताला घाम आला, स्टिक निसटली. ती पकडेपर्यंत एक ठोका गेला."

लेखिका खूश झाली, भराभर लिहून घेऊ लागली. ते तेवढ्यावर थांबलं असतं तर काही झालं नसतं. पण धाकट्याला प्रत्येक वाद्यात आपला हात घालायची खोड.

"मी म्हटलं, राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही हे पण लिहा. मी ठरवूनच टाकलं होतं, दादाच्या वाजवण्यातलं काही म्हणजे काही पुसायचं नाही."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला इतका राग आला की कानात गरम झालं. वीस वर्षं गप्प बसलो तो राग वेगळा होता, तो मुरलेला होता. हा ताजा होता. चोर तो चोर, वर शिरजोर. मी लेखिकेला नमस्कार केला आणि जिना उतरतानाच ठरवलं: कार्यक्रमात ती जागा घ्यायची नाही. सोळाच्या सोळा ठोके वाजवायचे, त्या गॅरेजवरच्या खोलीत वाजवले होते तसे, जे त्याने पुसले तेच. दोन हजार माणसं थांबतील आणि माझा हात थांबणार नाही. मग त्याला वळून माझ्याकडे बघावंच लागेल, आणि का, ते माहीत असलेला सभागृहात तो एकटाच असेल.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. स्टेजवर गेलो तर खऱ्या ड्रमच्या जागी रबराचे पॅड मांडलेले, विजेवर चालणारे. कंपनीच्या बाई म्हणाल्या, शेजारी रुग्णालय आहे, इथे आवाजाला मर्यादा आहे, पॅडचा आवाज स्पीकरमधून हवा तेवढाच सोडता येतो. स्वतःचं वाजवणं ऐकायला मला हेडफोन दिले. मी स्टूल माझ्या उंचीला आणून बसलो. दिवे लागले, आमचं नाव पुकारलं, आणि 'दादा' म्हणताच जो आवाज उठला तो ऐकून पहिल्या रांगेतली माझी बायको मागे वळून बघायला लागली.

पहिली दोन गाणी नीट गेली. तिसरं सुरू झालं. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबली, धाकट्याने माझ्याकडे पाठ करून ट्रम्पेट ओठांना लावला आणि मी एकटा निघालो. नऊ, दहा, अकरा. समोर हजारो हात वर गेले. बारा, मी वाजवला. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. हेडफोनमध्ये ते अगदी स्वच्छ ऐकू आले, सरळ, एकही गाळलेला नाही. माझे होते ते.

आणि सभागृह बरोबर बाराव्याला गप्प झालं. एक ठोकाभर दोन हजार माणसं श्वास धरून उभी राहिली, मग सगळे हात एकदम खाली आले आणि लोक वेडे झाले. धाकट्याचा ट्रम्पेट नेमका वेळेवर आत आला.

मला काही कळेना. वाजवता वाजवता मी एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला. बाहेर स्पीकरमधून ड्रम वाजत होते. ते माझे जुने ड्रम होते, त्या पुठ्ठे लावलेल्या खोलीतले, आणि हात त्याचे होते. रेकॉर्ड चालू होती. माझ्या स्टिकखाली रबर टप टप करत होतं, मशीनरूममधल्या चटईसारखं. मी उरलेली पाचही गाणी वाजवली. न वाजवून करणार काय, दिवा माझ्यावर होता.

पडदा पडल्यावर आवाजाचं टेबल सांभाळणारे गृहस्थ वायरी गुंडाळत होते, त्यांना मी विचारलं.

"तुमचे पॅड पहिल्यापासून बंदच होते की," ते म्हणाले. "फक्त तुमच्या हेडफोनला जोडलेले. वगैरेंनीच सांगितलं आठवड्यापूर्वी, दादांच्या डोक्याला ताप नको, रेकॉर्डवरचेच सोडा म्हणून. तुम्हाला बोलले नाहीत?"

"बोलला असेल," मी म्हणालो. "माझ्याच लक्षात राहिलं नाही." आता यात कोणाची अब्रू झाकली, ते मला विचारू नका.

आठवड्यापूर्वी म्हणजे मुलाखतीच्याही आधी. मला ती जागा रोज बिनचूक येत होती तेव्हा.

आत खोलीत धाकटा ट्रम्पेटचं तोंड पुसत बसला होता. घामाने निथळत होता आणि इतका आनंदात मी त्याला लहानपणी गिऱ्हाइकांसमोरच पाहिला होता. मला बघून त्याने दोन्ही हात पसरले.

"झकास, दादा," तो म्हणाला. "झालं."

"मी आज ती जागा घेतली नाही," मी म्हणालो. "सगळे सोळा वाजवले. सरळ. तेव्हासारखे."

त्याचे हात तसेच पसरलेले राहिले. मग त्याने ते खाली घेतले, जवळ आला आणि माझ्या दंडाला धरून समजुतीच्या आवाजात म्हणाला, "असू दे रे. होतं असं. बाहेर कोणाला कळलं नाही."

मी त्याची कबुली घ्यायला गेलो होतो आणि त्याने मला माफ करून टाकलं. चूक माझीच धरली, आणि ती पोटात घालायचा मोठेपणाही त्यानेच घेतला.

तेवढ्यात कंपनीच्या बाई एका मुलीला घेऊन आल्या. तिच्याकडे जुनी रेकॉर्ड होती, वीस वर्षांपूर्वीची, कोपरे झिजलेली. सह्या हव्या होत्या. धाकट्याने कव्हर उलटं केलं, दुसऱ्या ओळीखाली झोकात सही ठोकली आणि पेन माझ्या हातात दिलं. "इथे कर, दादा," म्हणून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

'ड्रम – दादा'. ओळ छोटी आहे, पुढे बरीच मोकळी पट्टी आहे. मी सही केली नाही. 'दादा'च्या पुढे, त्याच आकाराच्या बारीक अक्षरांत, मी 'वगैरे' लिहिलं आणि कव्हर त्याच्याकडे सरकवलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मुलगी आणि बाई दोघी हसल्या, त्यांना वाटलं भावाभावांची थट्टा चाललीय. तो हसला नाही. वर मान न करता हळूच म्हणाला, "हे कशाला लिहिलंस?"

"जागा होती," मी म्हणालो.